नाकारलेल्या गुरूचें ऋण

ज्यांनीं आपणांस पहिलें अक्षर शिकविलें त्यांची आठवण निघाली म्हणजे प्रौढ, संसारी, पिकल्या केसांचीं माणसेंहि क्षणभर मुलें होतात, हा अनुभव बहुतेक वाचकांस असेल. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या प्राथमिक शाळेंतील एका बाईंच्या निधनाची वार्ता कळली, तेव्हां त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींपैकीं नागपुरांत असलेल्या आम्ही दहा-बाराजणी एकीच्या घरीं जमलों. शोकसभा अशी ती नव्हती. भाषण कोणी केलें नाहीं, तसबिरीला हारहि कोणी आणला नव्हता. चहा निवत राहिला आणि प्रत्येकजण आपापली आठवण सांगत गेली. एकीस बाईंचें फळ्यावरचें वळणदार अक्षर आठवत होतें, दुसरीस त्यांच्या पातळाचा करडा रंग, तिसरीस पाट्या पुसण्याचें तें ओलें फडकें, जें त्या रोज सायंकाळीं धुऊन खिडकीच्या गजावर वाळत घालीत.

थोड्या वेळानें एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. बाईंनीं शिकविलेला एकहि धडा कोणासहि आठवत नव्हता. पाढे, बाराखडी, नद्यांचीं नांवें हें सर्व आम्हांस येत होतें. पण तें बाईंनीं शिकविलें म्हणून आठवत नव्हतें. आठवत होतें तें निराळेंच. प्रत्येक आठवणीच्या शेवटीं एकच वाक्य थोड्याफार फरकानें येई : 'आणि मग बाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या.' काय म्हणाल्या, तें प्रत्येकीचें वेगळें होतें. 'माझ्याकडे पाहून' हे दोन शब्द मात्र सर्वांचे सारखे होते.

त्या दिवशीं घरीं परततांना जो प्रश्न मनांत आला तोच येथें वाचकांपुढें ठेवावयाचा आहे. शिक्षकाचा प्रभाव शिष्यावर जन्मभर राहतो, असें आपण सहज म्हणतों. परंतु राहतें तें नेमकें काय? आणि जें राहतें त्याचें ऋण कोणावर असतें, व तें फेडावयाचें कसें?

प्रथमदर्शनीं उत्तर सोपें वाटतें. शिक्षक ज्ञान देतो, आणि तें ज्ञान राहतें. परंतु हें उत्तर फार वेळ टिकत नाहीं. सात पंचे पस्तीस हें बाईंनीं सांगितलें काय किंवा दुसऱ्या कोणी सांगितलें काय, पस्तिसाचे छत्तीस होत नाहींत. ज्ञान हें देणाऱ्याचें नांव अंगावर वागवीत नाहीं. तें पक्कें झालें म्हणजे आपलेंच होतें, आणि देणारा विसरला जातो. शिकविण्याचें यश यांतच आहे, असेंहि कोणी म्हणूं शकेल.

दुसरें उत्तर असें कीं, शिक्षकाचें आचरण शिष्यांत उतरतें. तैत्तिरीय उपनिषदांतील आचार्य शिष्यास निरोप देतांना सांगतो कीं, आमच्या आचरणांत जें चांगलें असेल तेवढेंच घे, इतर घेऊं नको. इतकें प्रामाणिक वाक्य गुरूच्या तोंडीं घालणाऱ्या त्या जुन्या ग्रंथकाराविषयीं आदर वाटतो. पण अनुकरणालाहि मर्यादा आहे. त्या दिवशीं जमलेल्या आमच्यापैकीं एकीहि बाईंसारखी झाली नव्हती. एक वकिली करीत होती, एक बँकेंतून निवृत्त झाली होती, चौघी-पांचजणींनीं घरसंसारांत जन्म घालविला होता. बाईंचा टापटिपीचा गुण तर कोणाच्याहि अंगीं आलेला दिसत नव्हता. तरीसुद्धां बाई आमच्यांत आहेत, असें सर्वांस वाटत होतें.

आमच्या मतें खरें उत्तर त्या 'माझ्याकडे पाहून' या दोन शब्दांत आहे. शिक्षकाचें सर्वांत मोठें देणें म्हणजे त्यानें आपल्याविषयीं दिलेला निर्णय होय. हें मूल शिकूं शकेल, याला शिकविणें व्यर्थ जाणार नाहीं, असा निर्णय तो कोणताहि पुरावा हातीं येण्यापूर्वीं देतो. आईबाप मुलावर विश्वास ठेवतात तो मूल त्यांचें म्हणून. शिक्षक परका असतो. परक्या माणसानें आपणांस पात्र मानलें, हा जगाकडून मुलास मिळालेला पहिला दाखला होय. पुढें मनुष्य कितीहि शिकला तरी हा दाखला तो कोठें तरी जपून ठेवतो आणि संकटाच्या वेळीं काढून वाचतो.

आमच्या बाई हा दाखला कसा देत याचें एक उदाहरण सांगण्याजोगें आहे. वर्गांत आम्ही टाटपट्टीवर बसत असूं. कोणी कोणाशेजारीं बसावें हें लहान मुलींच्या जगांत फार मोठें राजकारण असतें, आणि त्या राजकारणावर घरच्या मोठ्या माणसांचें लक्ष असतें. वर्गाच्या मागच्या टोकाला तीन मुली बसत. त्या कोणत्या वस्तींतून येतात हें सर्वांस ठाऊक होतें, आणि त्या मागें कां बसतात हें कोणी विचारीत नसे. बाई आमच्या वर्गावर आल्या आणि त्यांनीं एक नवाच नियम घालून दिला. दर सोमवारीं हजेरीपटांतील नांवें त्या निराळ्या क्रमानें वाचीत, कधीं खालून वर, कधीं एकाआड एक. आणि त्या क्रमानें आम्हांस आठवडाभर बसावें लागे. पंधरा दिवसांत एका मुलीचे वडील शाळेंत आले. आम्ही कान देऊन ऐकत होतों. बाई शांतपणें म्हणाल्या, "तुमची मुलगी कोठें बसेल तें मी ठरवीत नाहीं हो, तें हजेरीपट ठरवितो." गृहस्थ थोडा वेळ उभे राहिले व निघून गेले. बाईंनीं त्या प्रसंगाविषयीं आम्हांस एक अक्षरहि सांगितलें नाहीं, आणि पुढच्या सोमवारीं नांवें पुन्हां निराळ्या क्रमानें वाचलीं.

या गोष्टीचा अर्थ आम्हांस त्या वयांत कळला नाहीं. उलट सांगावयाचें तर, त्याच काळांत आमच्या स्वतःच्या घरीं शाळेंतून आल्याबरोबर कपडे बदलून हातपाय धुतल्यावांचून स्वयंपाकघरांत पाऊल टाकावयाचें नाहीं असा कडक नियम होता. तो स्वच्छतेसाठीं आहे असें आम्हांस सांगण्यांत येई, आणि पुष्कळ वर्षें आम्हीं तें खरें मानलें. सोमवारचा हजेरीपट आणि घरचा तो नियम हीं एकाच प्रश्नाचीं दोन उत्तरें होतीं, हें ध्यानांत येण्यास अर्धें आयुष्य जावें लागलें.

येथपर्यंतचा विचार शिक्षकानें शिष्यास पात्र मानण्याचा झाला. परंतु या व्यवहाराला दुसरी बाजू आहे, आणि तिच्याविषयीं आपण फारसें बोलत नाहीं. शिष्यानेंहि शिक्षकास शिक्षक म्हणून मान्य करावें लागतें. तें मान्य करण्याचें नाकारलें तर काय होतें? हा प्रश्न कल्पनेचा नाहीं. तो या नागपुरांत प्रत्यक्ष घडला आहे, आणि ज्या स्त्रीच्या बाबतींत घडला तिचें नांव जाईबाई चौधरी.

जाईबाईंचा जन्म १८९२ सालचा, नागपूरच्या आग्नेयेस असलेल्या उमरेडचा, महार कुटुंबांतला. १८९६ च्या दुष्काळानें मध्यप्रांतांतील असंख्य गरीब कुटुंबांप्रमाणें त्यांच्याहि कुटुंबास गांव सोडून नागपुरास यावें लागलें. १९०१ सालीं, वयाच्या अवघ्या नवव्या वर्षीं, बापूजी चौधरी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. घरीं दारिद्र्य होतें. पोटासाठीं जाईबाई कामठी ते नागपूर अशीं लोकांचीं ओझीं वाहूं लागल्या. हें अंतर नऊ-दहा मैलांचें आहे. आज मेट्रोच्या गार गार डब्यांत बसून त्या वाटेचा मोठा भाग कांहीं मिनिटांत पार करणाऱ्यांनीं तें अंतर डोक्यावर ओझें घेऊन, वैशाखाच्या नागपुरी उन्हांत, मनानें एकदां चालून पाहावें.

या हमालीच्या काळांत ग्रेगरी नांवाच्या एका मिशनरी बाईंचें लक्ष त्यांच्याकडे गेलें, आणि मिशनच्या शाळेंत दरमहा चार रुपयांवर त्यांना शिक्षिकेची नोकरी मिळाली. ओझें उतरलें आणि हातीं खडू आला. 'माझ्याकडे पाहून' हे शब्द जाईबाईंच्याहि आयुष्यांत असे एका परक्या स्त्रीमुळें आले. परंतु ही नवी शिक्षिका अस्पृश्य मानलेल्या जातीची आहे, असें कळतांच वरिष्ठ जातींच्या पालकांत खळबळ उडाली. महार बाईच्या हाताखालीं आपलीं मुलें शिकणार नाहींत, असें म्हणून त्यांनीं मुलें शाळेंतून काढून घेण्यास सुरुवात केली. जाईबाईंस ती नोकरी सोडावी लागली.

एकलव्याची कथा आपल्याकडे लहान मुलासहि ठाऊक असते. निषादाच्या मुलास द्रोणाचार्यांनीं शिष्य म्हणून घेतलें नाहीं. त्यानें मातीचा द्रोण करून त्याच्यापुढें विद्या संपादन केली. आणि ज्यानें शिकविलें नाहीं त्या गुरूनें दक्षिणा म्हणून उजव्या हाताचा अंगठा मागून घेतला. या कथेंतील अन्यायाविषयीं आज कोणाचें दुमत नाहीं. परंतु नागपूरची ही कथा तिच्या नेमकी उलट आहे, आणि आमच्या मतें अधिक विचार करावयास लावणारी आहे. तेथें गुरूनें शिष्य नाकारला. येथें शिष्यांनीं गुरू नाकारला. तेथें विद्या न देतां दक्षिणा घेतली गेली. येथें विद्या पुढें केली असतां ती घेणाऱ्यांनींच हात मागें घेतला. एकलव्यानें अंगठा गमावला हें सर्वांस दिसतें. शाळेंतून उठवून नेलेल्या त्या मुलांनीं काय गमावलें, हें मात्र कोणास दिसलें नाहीं.

त्यांनीं काय गमावलें? अक्षरओळख खचित नव्हे. ती त्यांना दुसऱ्या शाळेंत, दुसऱ्या शिक्षकाकडून मिळाली असेल. त्यांनीं गमावला तो एक शिक्षक, आणि त्याच्या बदल्यांत त्यांना एक धडा मिळाला. तो धडा असा कीं, बेरीज बरोबर आहे कीं चूक हें पाहण्यापूर्वीं ती कोणी सांगितली तें पाहावें. ज्या मुलाच्या मनावर हें एकदां ठसलें त्याला पुढें सत्य आणि सोय यांतील भेद ओळखणें कठीण जातें. आपल्या समाजांत विद्वत्ता पुष्कळ असून सत्यनिष्ठा थोडी कां, याचें एक कारण कदाचित् अशाच घरीं नेलेल्या मुलांच्या पाट्यांवर लिहिलेलें सांपडेल.

यावर कोणी म्हणेल कीं, तो काळच तसा होता. आईबापांनीं जें केलें तें रूढीस धरून केलें, आणि मुलें तर आईबापांच्या आज्ञेंत होतीं. त्यांस दोष कसा द्यावा? या आक्षेपाचा पहिला भाग आम्हांस पटत नाहीं. काळ सर्वांचा एकच होता. त्याच काळांत, त्याच शहरांत जाईबाईहि होत्या, त्यांना नोकरी देणाऱ्या मिशनरी बाईहि होत्या. 'काळ' म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवितों तो बहुधा त्या वेळच्या बहुसंख्य लोकांचा निर्णय असतो, आणि निर्णयाचा जबाब देणारा कोणी तरी असतोच.

आक्षेपाचा दुसरा भाग मात्र खरा आहे. सात-आठ वर्षांच्या मुलास दोष देतां येत नाहीं. आणि त्या मुलांच्या नातवंडा-पतवंडांस, म्हणजे कदाचित् आमच्या-तुमच्या पिढीस, दोष देणें तर मुळींच न्याय्य होणार नाहीं. परंतु दोष आणि ऋण या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि त्यांची गल्लत केल्यामुळें या विषयावरील आपलें बोलणें नेहमीं एक तर रागाचें होतें किंवा टाळाटाळीचें. दोष वारसानें येत नाहीं. आजोबांनीं चोरी केली म्हणून नातवास कोणी कैदेंत टाकीत नाहीं. ऋणाचें तसें नाहीं. वडिलांची मिळकत ज्यानें घेतली त्याला त्या मिळकतीवरील कर्जहि द्यावें लागतें, हा सर्वमान्य व्यवहार आहे. आपण आजोबांचें घर घेतलें, त्यांचीं पुस्तकें घेतलीं, त्यांच्या शिक्षणामुळें आपल्या घराण्यास लाभलेली प्रतिष्ठा घेतली. मग त्यांनीं न फेडलेलें देणें तेवढें आपलें नाहीं, असें आपण कोणत्या तोंडानें म्हणावें? नाकारलेल्या गुरूचेंहि ऋण असतें. किंबहुना तें अधिक, कारण त्यांत मुद्दल राहतेंच व नकाराचें व्याज वर चढतें.

आतां जाईबाईंकडे पुन्हां वळूं. कारण केवळ अपमान सोसणारी स्त्री म्हणून त्यांचें स्मरण करणें हाहि त्यांच्यावर एक अन्यायच होईल. मुलें नेणाऱ्या पालकांनीं एक नोकरी घालविली, पण शिक्षिका घालवितां आली नाहीं. १९२२ सालीं जाईबाईंनीं नागपुरांतील नवी वस्तींत मुलींसाठीं शाळा काढली आणि तिला संत चोखामेळ्याचें नांव दिलें. ज्या भक्तास विठ्ठलाच्या देवळांत प्रवेश नव्हता, आणि ज्याची समाधि पंढरपूरच्या महाद्वाराशीं बाहेर आहे, त्याचें नांव या शाळेच्या दारावर लागलें. तें दार आंत घेण्यासाठीं होतें.

त्या पहिल्या मुलींचीं नांवें आज आपल्या इतिहासांत नाहींत. सावित्रीबाई व जोतीराव फुले यांच्या शाळेंत शिकलेल्या मुक्ता साळवे या कोवळ्या मुलीचा मांगमहारांच्या दुःखाविषयींचा निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत छापून आला, म्हणून एका शिष्येच्या मुखानें तिच्या गुरूंचें काम आपणांस ऐकूं येतें. असें भाग्य थोड्याच शिक्षकांच्या वांट्यास येतें. बहुतेकांचा प्रभाव निनांवी असतो. कोणी आजी मनिऑर्डरीच्या पावतीवर अंगठा न उठवितां सही करते. कोणी आई संध्याकाळीं मुलीची वही उघडून पाहते. कोणी सून 'माझी मुलगी पुढें शिकेल' असें घरांत ठामपणें सांगते. त्या सहीच्या, त्या वहीच्या, त्या वाक्याच्या मागें उभी असलेली बाई कोण होती, हें बोलणारीसहि पुष्कळदां आठवत नाहीं. प्रभाव ओळखला गेला पाहिजे तरच तो प्रभाव, असें नाहीं. पाया दिसत नाहीं म्हणून घर अधांतरीं ठरत नाहीं.

तथापि नागपूरच्या इतिहासांत असे कांहीं प्रसंग आहेत कीं जेथें हा अदृश्य पाया क्षणभर डोळ्यांस दिसतो. १९३० सालीं येथें दलित स्त्रियांची परिषद भरली, आणि तींत जाईबाईंनीं मुलींच्या शिक्षणाची बाजू मांडली. २० जुलै १९४२ रोजीं याच शहरांत सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखालीं दलित महिलांची परिषद झाली. तिला हजारों स्त्रिया जमल्या; डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्यापुढें बोलले; आणि त्या स्त्रियांनीं घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वास बंदी, मजूर स्त्रियांना रजा व कायदेमंडळांत प्रतिनिधित्व यांविषयीं ठराव केले. ज्या मागण्या पुष्कळ सुशिक्षित घरांतील स्त्रियांनीं तेव्हां उच्चारल्याहि नव्हत्या, त्या या स्त्रियांनीं सभेंत उभें राहून मांडल्या. हें बळ एका दिवसांत आलें नाहीं. त्यामागें अनेकांची चळवळ होती, आणि चार रुपयांच्या नोकरीवरून उठवून दिलेल्या बाईसारख्या शिक्षकांनीं वस्त्यावस्त्यांतून गिरवून घेतलेलीं अक्षरेंहि होतीं.

या दोन परिषदांच्या मध्यें आणखी एक परिषद येथें झाली, आणि तिची आठवण आमच्यासारख्यांनीं टाळूं नये. १९३७ च्या डिसेंबरांत अखिल भारतीय महिला परिषदेचें अधिवेशन नागपुरांत भरलें. सर्व भारतीय स्त्रियांच्या वतीनें बोलणाऱ्या त्या अधिवेशनांत भोजनाच्या वेळीं जाईबाईंस वेगळें बसविण्यांत आलें. या वागणुकीचा निषेध करण्यासाठीं दलित स्त्रियांनीं १९३८ च्या आरंभीं सभा घेतली. शाळा काढून तेव्हां पंधरा वर्षें झालीं होतीं. म्हणजे पूर्वीं मुलांच्या आईबापांनीं जें केलें, तेंच आतां शिकल्यासवरल्या, सुधारणेचा पुरस्कार करणाऱ्या स्त्रियांच्या पंगतींत घडलें. यावरून एक कटु सत्य हातीं येतें. शिक्षण आणि शिकलेली सवय यांचा सामना झाला तर शिक्षण जिंकेलच असें नाहीं. आमच्या घरचा तो हातपाय धुण्याचा नियम ज्यांनीं केला तीं माणसेंहि शिकलेलींच होतीं.

मग हें ऋण फेडावयाचें कसें? ज्या गुरूस आपण पाहिलें नाहीं, ज्याच्यापुढें आपण बसलों नाहीं, त्याचें शिष्यत्व इतक्या उशिरां पत्करतां येतें काय? आमचें उत्तर आहे कीं, येतें. डॉ. आंबेडकरांनीं बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले यांस आपले गुरू मानलें. यांपैकीं जोतीरावांचें निधन १८९० च्या नोव्हेंबरांत झालें, आणि आंबेडकरांचा जन्म १८९१ च्या एप्रिलांतला. दोघांची भेट होणें शक्यच नव्हतें. तरी त्या गुरुत्वास कांहीं बाध आला नाहीं. गुरु-शिष्यांचें नातें जन्मतारखांवर अवलंबून नसतें. तें शिष्यानें मान्य केलें म्हणजे जुळतें. आणि जें नातें एका पिढीनें तोडलें तें दुसरी पिढी मान्य करूं शकते.

आम्हीं स्वतः नागपुरांत जन्मलों, येथल्याच शाळांत शिकलों, आणि तरीहि जाईबाईंचें नांव आमच्या एकाहि पाठ्यपुस्तकांत आम्हांस भेटलें नाहीं. तें पुढें पुष्कळ वर्षांनीं, उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथामुळें कळलें. तेव्हां पहिली फेड म्हणजे नांव माहीत करून घेणें. पण तेवढ्यानें भागत नाहीं. जयंतीस हार घालून आपण गुरूस भिंतीवर चढवितों, आणि भिंतीवरचा गुरू कोणास प्रश्न विचारीत नाहीं.

आपल्या जुन्या शास्त्रांत देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण अशीं तीन ऋणें सांगितलीं आहेत, आणि ऋषिऋण अध्ययनानें फिटतें असें म्हटलें आहे. या कल्पनेंत एक मर्म आहे : विद्येचें ऋण ज्यानें दिलें त्याला परत करावयाचें नसतें, तें पुढें द्यावयाचें असतें. पण त्याच शास्त्रानें स्त्रीशूद्रांस वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला. ज्यांना अधिकार नाहीं त्यांच्यावर त्या हिशेबानें हें ऋणहि नव्हतें. तरीसुद्धां ओझीं वाहणाऱ्या एका महार स्त्रीनें तें आपल्यावर आहे असें मानलें आणि आपल्या शाळेंत, एकेका मुलीच्या पाटीवर, फेडलें. ज्यांच्यावर तें जन्मानेंच होतें म्हणून सांगत, त्यांनीं तिची शाळा सोडली. ऋण कोणी फेडलें आणि कोणी बुडविलें, याचा हिशेब वाचकांनींच करावा.

आज महार शिक्षिका म्हणून मूल काढून घेणारा पालक उघडपणें सांपडणार नाहीं. राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली आहे, आणि तिचें आचरण हा अपराध आहे. परंतु जुना प्रश्न नवीं वस्त्रें लेऊन येतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें खासगी विनाअनुदान शाळांतील आरंभीच्या वर्गांत किमान २५ टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठीं ठेवल्या, तेव्हां त्याविषयीं आमच्या ओळखीच्या सुसंस्कृत घरांतून काय बोलणें झालें, तें आम्हीं ऐकलें आहे. शाळा पाहावयास गेलों असतां आपण ग्रंथालय पाहतों, मैदान पाहतों, आणि बाहेर पडतांना आवाज थोडा खालीं आणून विचारतों, "मुलें साधारण कोणत्या घरांतलीं येतात?" जाईबाईंच्या शाळेंतून मुलें नेणाऱ्या पालकांनीं विचारला तो प्रश्न याहून फारसा निराळा नव्हता. तो ओंठांवर आला असतां गिळून टाकणें, हीच त्या ऋणाच्या फेडीची सुरुवात होय असें आम्हांस वाटतें. त्यापुढची फेड म्हणजे आपल्या मुलांस असा शिक्षक लाभावा, असा शेजारी लाभावा, कीं ज्याला आपण स्वतः कदाचित् निवडला नसता.

त्या सायंकाळीं बाईंच्या आठवणी सांगून झाल्यावर आम्ही निघालों, तेव्हां जिच्या घरीं जमलों होतों ती दारापर्यंत पोंचवावयास आली. वर्गांतील त्या तीन मुलींपैकीं ती एक होती. आम्हीं तिला विचारलें, "सोमवारच्या हजेरीपटाचें तुला कांहीं वाटत असे काय ग?" ती हंसली आणि म्हणाली, "तुम्हांला वाटत होतें बाई फक्त आम्हांलाच पुढें आणताहेत. त्या तुम्हांलाहि मागें नेऊन बसवीत होत्या. तेथून फळा कसा दिसतो तें तुम्हांला कळावें म्हणून."

इतकीं वर्षें त्या हजेरीपटाचा हा अर्धा अर्थ आमच्या ध्यानांतच आला नव्हता. बाईंचें शिकविणें अजून संपलें नव्हतें.